विश्लेषण : फलाटावर पुस्तके विकणारा व्यापारी ब्रिटिश नौदलाचा मंत्री कसा झाला? काय आहे डब्ल्यू. एच. स्मिथ यांची गोष्ट?

ब्रिटनमधील गावोगावच्या बाजारपेठांतून २०२५ मध्ये एक जुनी पाटी उतरली. ‘डब्ल्यूएचस्मिथ’ कंपनीने मुख्य बाजारपेठांतील आपली सुमारे ४८० दुकाने विकून टाकली आणि नव्या मालकाने त्यांना ‘टीजी जोन्स’ हे नाव दिले. स्मिथ हे नाव उरले ते रेल्वे स्थानके, विमानतळ आणि रुग्णालये यांतील दुकानांवर. म्हणजे प्रवासी जिथे गाडीची किंवा विमानाची वाट पाहत थांबतात तिथे. योगायोग असा, की हे नाव मोठे झाले तेही अशाच ठिकाणी, लंडनच्या एका रेल्वे फलाटावर. ज्या माणसाने ते मोठे केले त्याला दुकानदार व्हायचेच नव्हते. पुढे तो खासदार झाला, मंत्री झाला, त्याच्यावरून संगीतिका गाजली. फलाटावर पुस्तक विकत घेऊन गाडीत वाचण्याची सवय लावणाऱ्या विल्यम हेन्री स्मिथ यांच्या आयुष्याचा हा मागोवा.

स्मिथ घराणे वृत्तपत्रांच्या धंद्यात कसे आले?

लंडनच्या मेफेअर भागातील लिटल ग्रोव्हनर स्ट्रीटवर १७९२ मध्ये हेन्री वॉल्टन स्मिथ आणि त्यांची पत्नी ॲना यांनी वृत्तपत्र विक्रीचे छोटे दुकान सुरू केले. त्याच वर्षी हेन्री वारले. पदरात लहान मुले असताना ॲना यांनी दुकान बंद केले नाही. १८१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते चालवले. कंपनीला पुढे मुलाचे नाव मिळाले, पण ती उभी राहिली ती या विधवेच्या जिवावर. त्यांचा धाकटा मुलगा विल्यम हेन्री यांच्या नावाने १८२८ पासून पेढी ओळखली जाऊ लागली. आपल्या गोष्टीचे नायक याच नावाचे, म्हणजे त्यांचा मुलगा. त्यामुळे वडिलांना थोरले स्मिथ म्हणणे सोयीचे.

थोरल्या स्मिथ यांनी ओळखले की वृत्तपत्राच्या धंद्यात विकली जाणारी खरी वस्तू म्हणजे वेळ. त्या काळी लंडनहून टपालाच्या घोडागाड्या रात्री सुटत. सकाळी छापलेला अंक दिवसभर पडून राही आणि संध्याकाळी रवाना होई. थोरल्या स्मिथ यांनी सकाळी सुटणाऱ्या प्रवासी घोडागाड्यांतून गठ्ठे पाठवायला सुरुवात केली. अंक छापायला उशीर झाला तर त्यांच्या हलक्या गाड्या पुढे गेलेल्या घोडागाडीचा पाठलाग करून तिला गाठत. त्यामुळे दूरच्या शहरांतील गिऱ्हाइकाला टपालापेक्षा कित्येक तास आधी अंक मिळू लागला. थोरले स्मिथ स्वतः पहाटे उठून बाह्या सरसावून गठ्ठे बांधायला उभे राहत. माणूस कडक शिस्तीचा आणि तापट होता.

धाकट्या स्मिथ यांना खरे तर काय व्हायचे होते?

धर्मगुरू. २४ जून १८२५ रोजी लंडनमध्ये जन्मलेले धाकटे स्मिथ मेथडिस्ट पंथाच्या धार्मिक वातावरणात वाढले. ऑक्सफर्डला जावे, पदवी घ्यावी आणि चर्चच्या सेवेत दाखल व्हावे अशी त्यांची मनापासून इच्छा होती. थोरल्या स्मिथ यांना ती अजिबात मान्य नव्हती. एवढा उभा केलेला धंदा मुलाशिवाय कोण बघणार, हा त्यांचा प्रश्न होता. अखेर मुलाने माघार घेतली आणि वडिलांचा निर्णय ही देवाचीच इच्छा मानून स्वीकारली. १८४६ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, ते भागीदार झाले आणि पेढीच्या नावापुढे ‘अँड सन’ लागले.

ही माघार महत्त्वाची अशासाठी, की धर्मगुरू होण्याची इच्छा त्यांच्या मनातून गेली नाही. तिने फक्त जागा बदलली. लोकांनी काय वाचावे याची जी काळजी त्यांनी पुढे आयुष्यभर वाहिली, तिच्यात व्यापाऱ्याइतकाच उपदेशकही होता. याचा ग्राहकांना फायदा झाला आणि काही लेखकांना त्रासही.

स्मिथ यांच्याआधी स्थानकांवर काय विकले जात होते?

ब्रिटनमध्ये १८४० च्या दशकात रेल्वेचे जाळे झपाट्याने पसरले. लंडन ते बर्मिंगहॅम हा मार्ग १८३८ मध्ये पूर्ण झाला आणि यूस्टन हे राजधानीतील मोठे स्थानक गजबजू लागले. फलाटावर किरकोळ विक्री करण्याची परवानगी रेल्वे कंपन्या अनेकदा अपघातात जायबंदी झालेल्या कर्मचाऱ्यांना किंवा मृत कर्मचाऱ्यांच्या विधवांना देत. हेतू चांगला होता. पण या विक्रेत्यांकडे ना भांडवल होते, ना पुस्तकांची माहिती. एकाच फळीवर शिळे पाव, बिअर, कालची वृत्तपत्रे आणि घाऊक बाजारात स्वस्तात मिळणारी पुस्तके मांडलेली असत. त्यांत फ्रेंचमधून उतरवलेल्या चावट कादंबऱ्यांचा भरणा मोठा होता.

असा माल मुबलक मिळण्याचे ठिकाणही जवळच होते. लंडनच्या स्ट्रँड या रस्त्याला लागून असलेली हॉलीवेल स्ट्रीट ही गल्ली अश्लील पुस्तकांसाठी कुप्रसिद्ध होती. गंमत म्हणजे स्मिथ यांची पेढीही स्ट्रँडवरच, या गल्लीपासून चालत काही मिनिटांवर. बायकामुलांसह प्रवास करणाऱ्या मध्यमवर्गीयांच्या तक्रारी वाढल्या. स्थानक हे कंपनीचे घर, तेव्हा घरात काय विकले जाते याची जबाबदारी कंपनीचीच, असा सूर निघू लागला.

प्रवासी गाडीत वाचू का लागले?

घोडागाडीत वाचणे जवळपास अशक्य होते. खडबडीत रस्त्यावर गाडी इतकी हादरे की अक्षर डोळ्यांपुढे ठरत नसे. शिवाय चार-सहा प्रवासी दिवसदिवसभर एकत्र असत, मुक्कामाला एकत्र जेवत. त्यामुळे गप्पा आपोआप होत. रेल्वेने हे दोन्ही बदलले. रुळांवरून गाडी तुलनेने सरळ धावू लागली. बंद डब्यात तासाभरासाठी अनोळखी माणसे समोरासमोर बसू लागली आणि प्रत्येक स्थानकावर बदलू लागली. कुणाशी काय बोलायचे हा संकोच, आणि बाहेरचे दृश्य इतके वेगाने पळणारे की त्याकडे फार वेळ बघवत नाही. अशा वेळी हातात पुस्तक किंवा वृत्तपत्र असणे म्हणजे सुटका. आज लोकलमध्ये मोबाइलवर मान खाली घालून बसलेल्या प्रवाशाचा हा पूर्वज.

दुसरे कारण कराचे होते. ब्रिटनमध्ये प्रत्येक वृत्तपत्रावर मुद्रांक कर असे. तो १८३६ पर्यंत अंकामागे ४ पेनी होता, म्हणून ‘द टाइम्स’चा अंक ७ पेनीला पडे. १८३६ मध्ये कर १ पेनीवर आला आणि १८५५ मध्ये तो सक्तीचा राहिला नाही. त्यानंतर एक पेनीत मिळणारी दैनिके निघाली. कर भरलेला अंक टपालाने फुकट जात असे. कर गेला तशी ही सवलतही गेली आणि वृत्तपत्रे पोहोचवण्याचे काम टपालाकडून रेल्वेच्या पार्सलाकडे वळले. गठ्ठे वेळेवर हलवण्याची यंत्रणा ज्याच्याकडे तयार होती, त्याचे भाग्य उजळणारच होते.

यूस्टनच्या फलाटावर १८४८ मध्ये काय घडले?

लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने आपल्या स्थानकांवरील पुस्तकविक्रीचा हक्क एकाच जबाबदार व्यापाऱ्याला द्यायचे ठरवले. धाकट्या स्मिथ यांनी पुढाकार घेऊन वर्षाला १,५०० पौंड भाडे देऊ केले. त्या काळाच्या मानाने ही रक्कम मोठी होती आणि फलाटावरची पुस्तके विकून ती वसूल होईल याची कुणालाच खात्री नव्हती. १ नोव्हेंबर १८४८ रोजी यूस्टनवर स्मिथ यांचा पहिला स्टॉल सुरू झाला. तेव्हा ते २३ वर्षांचे होते.

जुना माल हटला. फळ्यांवर नीट मांडलेली ताजी वृत्तपत्रे, प्रवासवर्णने, इतिहास, चरित्रे आणि निवडक कादंबऱ्या आल्या. रविवारी विक्री बंद. पोटापाण्याचा आधार म्हणून स्टॉल चालवणाऱ्या जुन्या विक्रेत्यांना मात्र बाजूला व्हावे लागले. सुधारणेच्या या गोष्टीत त्यांचा उल्लेख सहसा एका ओळीत संपतो, पण ज्यांचे हातपाय रेल्वेनेच घेतले होते त्यांचा रोजगार त्याच रेल्वेने काढून घेतला, हेही खरे.

‘द टाइम्स’ने १८५१ मध्ये लंडनच्या स्थानकांवरील पुस्तकविक्रीची पाहणी केली. इतर ठिकाणी भिकार पुस्तकांचे ढीग दिसले. यूस्टनवर मात्र चांगले साहित्यही खपते असे आढळले. या लेखाने इतर रेल्वे कंपन्यांचे लक्ष वेधले. एकेक मार्ग स्मिथ यांच्याकडे येत गेला आणि १८६२ पर्यंत इंग्लंडमधील जवळपास सर्व महत्त्वाच्या रेल्वेमार्गांवर विक्रीचा एकाधिकार त्यांच्या पेढीकडे होता.

हा धंदा नेमका चालायचा कसा?

पहाटे छापखान्यांतून ओले अंक स्ट्रँडवरील कोठीत येत. शेकडो हात घड्या घालायला, मोजायला, गठ्ठे बांधायला लागत. कुठल्या स्थानकाला कुठल्या वृत्तपत्राच्या किती प्रती, याची यादी रोज बदले. लाल रंगाच्या घोडागाड्या गठ्ठे घेऊन सकाळच्या पहिल्या गाड्यांकडे सुटत. १८५४ ते १८५६ या काळातील क्रिमियन युद्धाने ही मागणी प्रचंड वाढवली, कारण घरोघरचे लोक रणांगणावरील बातम्यांसाठी, मृत आणि जखमींच्या याद्यांसाठी अंकाची वाट पाहत. पुढे १८७० च्या दशकात तर केवळ वृत्तपत्रे नेण्यासाठी पहाटेच्या खास गाड्या धावू लागल्या.

स्मिथ यांची व्यापारी नजर केवळ फळीवर नव्हती. स्थानकांच्या रिकाम्या भिंती त्यांनी भाड्याने घेतल्या आणि जाहिरातींसाठी विकल्या. प्रवासी स्टॉलपाशी येतो तो मिनिटभरच, पण भिंतीकडे बघत उभा राहतो तो गाडी येईपर्यंत. आजच्या फलाटांवरील जाहिरात फलकांचा हिशेब तेव्हापासून हाच आहे.

पिवळी पुस्तके आणि फिरते वाचनालय कशासाठी?

त्या काळी इंग्लंडमध्ये नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. सामान्य कारकुनाचा हा आठवड्याचा पगारही असू शकत होता. फलाटावर घाईत उभा असलेला प्रवासी एवढे पैसे मोजणे शक्यच नव्हते आणि तीन जाड खंड हातात घेऊन गाडीत चढणार कसा? त्यामुळे प्रकाशकांनी खास प्रवाशांसाठी एक-दोन शिलिंगच्या आवृत्त्या काढायला सुरुवात केली. जॉर्ज राउटलेज यांची ‘रेल्वे लायब्ररी’ ही माला त्यांत सर्वांत प्रसिद्ध; शतक संपेपर्यंत तिच्यात हजारांहून अधिक पुस्तके निघाली. या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पिवळा चकचकीत कागद आणि भडक चित्र असे. दुरून, गर्दीतून, धावत्या नजरेला दिसावे म्हणून. मुखपृष्ठ हे पुस्तक विकण्याचे साधन आहे, ही समज रुजायला या स्टॉलनी मोठा हातभार लावला.

ज्यांना विकत घ्यायचे नव्हते त्यांच्यासाठी १८६० मध्ये स्मिथ यांनी फिरते वाचनालय काढले. आधी त्यांनी लंडनमधील बड्या मुडी वाचनालयाला स्थानकांवर शाखा चालवण्याचा प्रस्ताव दिला होता. तो फेटाळला गेला तेव्हा स्वतःच उतरले. वर्गणी भरा, एका स्थानकावरून पुस्तक घ्या आणि उतराल त्या स्थानकावर परत करा, अशी सोय होती. हे वाचनालय १९६१ पर्यंत, म्हणजे तब्बल शंभर वर्षे चालले.

लोकांनी काय वाचावे हे एका दुकानदाराने ठरवावे का?

स्मिथ यांच्यावरील टीकेचे मूळ इथे आहे. स्टॉल त्यांचा, वाचनालय त्यांचे, गठ्ठे पोहोचवणारी यंत्रणाही त्यांचीच. एखादे पुस्तक किंवा नियतकालिक त्यांनी नाकारले तर देशभरातील प्रवाशांना ते दिसणारच नाही, अशी स्थिती आली. सरकारने बंदी घातली तर निदान न्यायालयात जाता येते. दुकानदाराने मांडले नाही तर दाद कुणाकडे मागायची?

चावट पुस्तकांना फलाटावरून हाकलणाऱ्या स्मिथ यांना थट्टेने मिशनरी म्हटले जाई. त्यांच्या हेतूविषयी फारशी शंका घेतली गेली नाही, पण ‘घरच्या मुलीबाळींसमोर ठेवता येईल’ ही कसोटी साऱ्या साहित्याला लावली की गंभीर कादंबऱ्याही तिच्यात अडकतात. स्मिथ यांच्या निधनानंतर, १८९४ मध्ये जॉर्ज मूर यांची ‘एस्थर वॉटर्स’ ही कादंबरी त्यांच्या पेढीने ठेवण्यास नकार दिला. लग्नाशिवाय आई झालेल्या एका मोलकरणीची, तिच्या कष्टांची ती कथा होती. कादंबरी तरीही गाजली आणि आज ती इंग्रजीतील महत्त्वाच्या कादंबऱ्यांत गणली जाते. त्याच वर्षी मुडी आणि स्मिथ या दोन वाचनालयांनी प्रकाशकांना खंडांच्या किमती कमी करायला भाग पाडले आणि महागड्या तीन खंडी कादंबरीचा काळ संपला. एकाच पेढीची तीच ताकद एका हाताने दार लावत होती आणि दुसऱ्या हाताने पुस्तक स्वस्त करत होती.

वृत्तपत्रविक्रेता संसदेत कसा पोहोचला?

पैसा आला तरी इंग्लंडच्या उच्चवर्गीय समाजात दुकानदार तो दुकानदारच. सुरुवातीला उदारमतवादी विचारांकडे झुकलेल्या स्मिथ यांनी लंडनच्या रिफॉर्म क्लबच्या सदस्यत्वासाठी प्रयत्न केला. व्यापारी म्हणून त्यांना नाकारण्यात आले. सुधारणांचे नाव लावणाऱ्या क्लबनेच हे करावे यातील विसंगती उघड आहे. पुढे ते हुजूर पक्षाकडे गेले.

वेस्टमिन्स्टर मतदारसंघातून १८६५ मध्ये ते उभे राहिले आणि हरले. विजयी झालेल्यांत होते तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. महाराष्ट्रातील वाचकांना मिल परके नाहीत. गोपाळ गणेश आगरकरांच्या पिढीने त्यांचे ग्रंथ अभ्यासले होते. तीन वर्षांनी, १८६८ मध्ये, स्मिथ यांनी त्याच मतदारसंघात मिल यांना पराभूत केले. स्वातंत्र्यावर जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा हरला आणि ग्रंथ विकणारा जिंकला. स्मिथ यांनी निवडणुकीत पैसा ओतल्याचा आरोप झाला, निकालाला आव्हान दिले गेले, पण ते फेटाळण्यात आले.

खासदार म्हणून ते उत्तम वक्ते नव्हते. चिकाटी आणि हिशेब ही त्यांची बलस्थाने. लंडनच्या पहिल्या शाळा मंडळावर त्यांनी काम केले. थेम्स नदीकाठी भर घालून तयार झालेल्या जमिनीवर सरकारी इमारती उभारण्याऐवजी लोकांसाठी बाग व्हावी, यासाठी त्यांनी संसदेत पाठपुरावा केला. आज त्या नदीकाठच्या बागांत बसणाऱ्यांना हे नाव माहीत असण्याची शक्यता कमीच. बेंजामिन डिझरायली पंतप्रधान झाल्यावर १८७४ मध्ये स्मिथ यांना अर्थखात्यात सचिवपद मिळाले. पेढीचा रोजचा कारभार त्यांनी भागीदारांकडे सोपवला.

नौदलाचे मंत्रीपद आणि संगीतिकेतील थट्टा काय होती?

डिझरायली यांनी १८७७ मध्ये त्यांना नौदलाचे मंत्री केले. जगातील सर्वांत बलाढ्य नौदल एका वृत्तपत्रविक्रेत्याच्या हाती! खानदानी अधिकाऱ्यांच्या भुवया उंचावल्या. राणी व्हिक्टोरिया यांनाही ही नेमणूक खटकली होती.

पुढल्याच वर्षी, २५ मे १८७८ रोजी, गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीची ‘एच.एम.एस. पिनाफोर’ ही संगीतिका लंडनच्या ऑपेरा कॉमिक नाट्यगृहात आली. त्यातील सर जोसेफ पोर्टर हे पात्र एका वकिलाच्या कचेरीत दाराच्या मुठी पुसण्यापासून सुरुवात करते आणि समुद्राशी काडीचा संबंध न येता नौदलाचे मंत्री होते. प्रेक्षकांनी क्षणात ओळखले. हे पात्र स्मिथ यांच्यावर बेतले नसल्याची गिल्बर्ट यांची भूमिका होती. नाटकातला मंत्री वेगळ्या राजकीय विचारांचा दाखवला आहे, हा त्यांचा युक्तिवाद. तो कुणी मनावर घेतला नाही. पहिल्याच फेरीत ५७१ प्रयोग झाले, अमेरिकेतही या संगीतिकेचे वेड पसरले आणि ‘पिनाफोर स्मिथ’ हे टोपणनाव कायमचे चिकटले. हे नाट्यगृह स्ट्रँडजवळच होते. म्हणजे स्मिथ यांच्या पेढीतील कामगारांना मालकावरील विनोद ऐकायला फार लांब जावे लागत नव्हते.

प्रत्यक्षात स्मिथ यांना नौकाविहाराची आवड होती आणि खात्याचा कारभार त्यांनी नेटाने सांभाळला. पण विनोदाला खुलासा देऊन उपयोग नसतो. ते गप्प राहिले.

अखेरचा काळ कसा गेला?

पुढे ते दोनदा युद्धमंत्री झाले. जानेवारी १८८७ मध्ये लॉर्ड सॅलिस्बरी यांनी त्यांना ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी’ आणि कनिष्ठ सभागृहाचे नेते केले. पहिले पद सहसा पंतप्रधानाकडेच असते. सॅलिस्बरी उमराव सभागृहात बसत असल्याने ते स्मिथ यांच्याकडे आले. आयरिश प्रश्नावरून सभागृहात रात्र रात्र गोंधळ चाले आणि स्मिथ शांतपणे कर्तव्याची आठवण करून देत कामकाज रेटत. ‘पंच’ साप्ताहिकाने त्यांना नीतिमान म्हातारा ठरवून टाकले. जेरोम के. जेरोम यांच्या १८८९ मधील ‘थ्री मेन इन अ बोट’ या लोकप्रिय पुस्तकातही थेम्सकाठच्या त्यांच्या ग्रीनलँड्स या बंगल्याचा उल्लेख येतो, पण मंत्र्याचे घर म्हणून नव्हे, तर आपल्या वृत्तपत्रविक्रेत्याचे घर म्हणून. सत्तेच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीवर बसूनही ओळख फलाटावरचीच राहिली.

अविरत कामाने आणि संधिवातासारख्या व्याधीने प्रकृती ढासळत गेली. १८९१ मध्ये त्यांना केंटच्या किनाऱ्यावरील वॉल्मर किल्ल्याचे मानाचे पालकत्व मिळाले. तिथे ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या वापरातील वस्तू होत्या. प्रत्येक नव्या पालकाबरोबर असे सामान विखुरले जाऊ नये म्हणून त्या किल्ल्यातच कायम राहतील अशी व्यवस्था त्यांनी केली. ६ ऑक्टोबर १८९१ रोजी त्याच किल्ल्यात त्यांचे निधन झाले. ज्यांच्या पक्षाशी सभागृहात त्यांचा वर्षानुवर्षे सामना झाला, ते आयरिश नेते चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल हेही त्याच दिवशी गेले. स्मिथ यांच्या मागे सतरा लाख पौंडांहून अधिक संपत्ती होती. उमरावकी त्यांना स्वतःला मिळाली नाही. त्यांच्या पत्नी एमिली यांना ती मृत्यूनंतर देण्यात आली.

पेढीचे पुढे काय झाले?

मोठा धक्का १९०५ मध्ये बसला. दोन बड्या रेल्वे कंपन्यांनी भाडे वाढवून मागितले, करार तुटले आणि यूस्टनसह सुमारे २०० स्टॉल गेले. पेढीने काही आठवड्यांत स्थानकांच्या वाटेवर दीडशेच्या आसपास दुकाने उघडली. गावागावांतील स्मिथची दुकाने आली ती अशी, फलाट सुटल्यामुळे. १२० वर्षांनी विकली गेली तीच ही साखळी. १९६० च्या दशकात कंपनीने गोदाम संगणकावर नेताना प्रत्येक पुस्तकाला नऊ आकडी क्रमांक देण्याची पद्धत करून घेतली. आज जगभरच्या पुस्तकांच्या मागे छापला जाणारा आयएसबीएन क्रमांक त्यातूनच आला.

भारतातील स्थानकांशी याचा संबंध काय?

स्मिथ यांचे स्टॉल १८५१ च्या लंडनमधील जागतिक प्रदर्शनासाठी आलेल्या लुई हॅशेत या फ्रेंच प्रकाशकाने पाहिले आणि लवकरच फ्रान्समधील स्थानकांवर तशीच विक्री सुरू केली. भारतात पहिली प्रवासी गाडी बोरीबंदर ते ठाणे धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, यूस्टनच्या स्टॉलनंतर साडेचार वर्षांनी. पुस्तकांना मात्र आणखी वेळ लागला. १८७७ मध्ये अलाहाबाद स्थानकावर एमिल मोरो या फ्रेंच गृहस्थाने पुस्तकविक्री सुरू केली आणि ‘ए. एच. व्हीलर’ कंपनी उभी राहिली. दक्षिणेतील स्थानके मद्रासच्या हिगिनबॉथम्सकडे गेली.

व्हीलरने केवळ विक्री केली नाही. १८८८ मध्ये त्यांनी ‘इंडियन रेल्वे लायब्ररी’ या नावाने एक रुपया किमतीच्या पातळ पुस्तकांची माला काढली. तिचा लेखक अलाहाबादच्या ‘पायोनियर’मध्ये काम करणारा २२ वर्षांचा पत्रकार होता, मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग. मुखपृष्ठांमागे हात होता त्याचे वडील लॉकवूड किपलिंग यांचा. ते आधी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकवत. गाडीत वाचून सीटवर सोडून दिली जाणारी ही पुस्तके प्रवाशांबरोबर इंग्लंडपर्यंत पोहोचली आणि १८८९ मध्ये किपलिंग लंडनला उतरला तेव्हा नाव त्याच्या आधी पोहोचलेले होते.

व्हीलरची मक्तेदारी संपवण्याची घोषणा तत्कालीन रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी २००४ मध्ये केली. त्यानंतर इतर विक्रेत्यांना वाट मिळाली. मुंबईच्या लोकल स्थानकांवर मात्र पुस्तकाच्या कुठल्याही स्टॉलला अजूनही अनेक जण सवयीने व्हीलरच म्हणतात. तिथे दिवाळीच्या आसपास दिवाळी अंक टांगलेले दिसतात. एरवी फळीवर सकाळची दैनिके असतात, स्पर्धा परीक्षांची पुस्तके असतात आणि त्यांच्या शेजारी पाण्याच्या बाटल्या व बिस्किटांचे पुडे.